आधी टीव्ही आला, मग फोन

दहावीत असताना मी माझा डबा मैत्रिणींना वाटून टाकायचे आणि घरी आईला सांगायचे, "संपवला गं." त्यामुळे आजचा विषय माझ्यासाठी नुसता सनावळ्यांचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. हा आजार इन्स्टाग्रामने जन्माला घातलेला नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७४ च्या लेखात त्याला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' असं नाव दिलं होतं.

मग स्क्रीनचा संबंध कुठे आला? त्यासाठी फिजी बेटांवर जाऊ. तिथे भरलेलं अंग म्हणजे घरचे नीट काळजी घेतात याची खूण मानली जायची. १९९५ मध्ये नान्द्रोंगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा तिथल्या साठेक शाळकरी मुलींना प्रश्न विचारले आणि १९९८ मध्ये त्याच वयाच्या तेवढ्याच मुलींना पुन्हा विचारले. खाण्याच्या विकाराची लक्षणं दिसणाऱ्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. अभ्यास छोटा होता, पण जगभर गाजला.

तरी टीव्ही सगळ्या गावाला एकच मालिका दाखवायचा. फोनचं तसं नाही. तुमचा अंगठा कुठे थबकला हे तो टिपतो आणि तसलंच आणखी पुढे करतो. आता जिला आधीच जेवणाची धास्ती आहे, ती कुठल्या व्हिडिओवर थांबणार? म्हणजे जिला हे सगळ्यात कमी दिसायला हवं, तिलाच सगळ्यात जास्त दिसतं.

२०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यात कंपनीचंच संशोधन होतं: स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं, असं ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं. आकड्यांचा चुकीचा अर्थ लावला जातोय, असं कंपनीचं म्हणणं होतं.

माझं काय झालं? एका मैत्रिणीने आईला खरं सांगितलं. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. आई मात्र ओरडली नाही, डॉक्टरांकडे घेऊन गेली.

तुमच्या शेजारी बसणारी कुणी रोज डबा वाटून टाकत असेल, तर तिच्या वजनाबद्दल बोलू नका. तिच्यासोबत बसा आणि एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. ती रागावेल. रागावू दे.