पलटणीच्या बिल्ल्याचा कालनिर्णय

लष्करी पथकाचा निर्देश करणारे, गणवेशावर धारण करावयाचे धातूचे चिन्ह म्हणजे बिल्ला. तो कोणत्या पथकाचा हे ठरविणे ही ओळख. तो कोणत्या दोन वर्षांच्या दरम्यानचा हे ठरविणे हा कालनिर्णय. एकच वर्ष ठामपणे सांगणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, नोंदवहीत उतरवू नये.

बिल्ल्याचा काळ त्रिविध असतो: (१) आकृतिकाल, म्हणजे ती आकृती अधिकृत असण्याचा अवधी, (२) निर्मितिकाल, (३) वापरकाल. आकृतीवरून केवळ पहिला सिद्ध होतो. आकृती ठरण्यापूर्वी बिल्ला घडणे शक्य नाही, म्हणून पूर्वमर्यादा दृढ असते. आकृती रद्द झाल्यावरही जुन्या ठशातून नवा बिल्ला काढता येतो, म्हणून उत्तरमर्यादा शिथिल असते. पुढील सर्व विवेचन या विषमतेवर आधारलेले आहे.

आकृतिकालाची प्रमुख साधने दोन: पथकाचे नामांक व मुकुट. त्यांत नामांक अधिक सूक्ष्म. हिंदी लष्कराच्या १९०३च्या पुनर्रचनेत मुंबई लष्कराच्या पायदळ पलटणींच्या जुन्या अंकांत शंभर मिळविले गेले. दहावी पलटण ११०वी झाली. १९२२मध्ये १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत समाविष्ट झाल्या. १९४५मध्ये पाच हा अंकही गेला. यावरून ११० अंकाच्या मराठा बिल्ल्याचा आकृतिकाल १९०३ ते १९२२ ठरतो. ही पलटण मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात होती व २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील ब्रिटिश-हिंदी फौज शरण गेली, हे सत्य आहे. तथापि हाती आलेला बिल्ला कूतला होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तो वापरकालाचा प्रश्न असून त्यास स्वतंत्र पुरावा लागतो. शिवाय पागोटे बांधणारा हिंदी शिपाई सामान्यतः टोपीचा बिल्ला लावीत नसे. पलटणीचे नाव खांद्यावरील पितळी अक्षरांत असे. आजोबा शिपाई होते असे सांगून टोपीचा बिल्ला पुढे केला जातो, तेव्हा संशय रास्त ठरतो.

मुकुटाचे साधन स्थूल आहे. १९०१पर्यंत व्हिक्टोरियाचा मुकुट, त्यानंतर गोल कमानींचा राजमुकुट, आणि २६ जानेवारी १९५०पासून अशोकस्तंभाचे सिंह. मध्यभागी दबलेल्या कमानींचा एलिझाबेथचा मुकुट १९५३चा. भारत तत्पूर्वीच प्रजासत्ताक झालेला असल्याने तो मुकुट असलेला भारतीय पलटणीचा बिल्ला बनावट समजावा.

निर्मितिकालासाठी मागील बाजू पाहावी. ठशावर दाबलेल्या बिल्ल्याच्या रेषा तेथेही तीक्ष्ण असतात. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली प्रत धातू आकसल्याने किंचित लहान भरते व तिचा तपशील बोथट होतो. ओतीव तेवढे बनावट, हा नियम मात्र भारतात लागू नाही; पलटणी स्थानिक कारागिरांकडूनही बिल्ले ओतवून घेत.

सोलापूरच्या संग्राहकास आणखी एक भेद अनिवार्य आहे. हैदराबाद संस्थानाची सीमा येथून जवळ होती आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेनेची मुख्य चढाई सोलापूरकडूनच झाली. ‘हैदराबाद’ हे नाव दोन भिन्न सैन्यांस लागू होते: (१) निजामाची स्वतःची फौज, (२) ब्रिटिश अधिकाऱ्यांखालील हैदराबाद कंटिंजंट. दुसरीच्या पलटणी १९०३मध्ये हिंदी लष्करात मिळाल्या, १९२२मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट बनल्या आणि १९४५मध्ये कुमाऊं रेजिमेंट झाल्या. या रेजिमेंटच्या बिल्ल्यावरील सिंह कंटिंजंटच्या उभारणीशी संबंधित ब्रिटिश रसेल घराण्याच्या कुलचिन्हातला. नाव बदलले तरी तो कुमाऊंच्या बिल्ल्यावर राहिला. त्यामुळे सिंहावरून परंपरा कळते. १९४५च्या अलीकडचा की पलीकडचा हे ठरविण्यास खालच्या पट्टीवरील नावच वाचावे लागते.