बेळगावचा धावक आणि आपल्या वाटा

धावणे, सायकल चालवणे आणि नकाशा व होकायंत्र यांच्या आधाराने अनोळखी रानातून वाट काढणे, अशा तिहेरी सरावाची आठवडाभराची शिबिरे हल्ली तरुण मंडळींना आकर्षित करू लागली आहेत. तेथील पोशाख, पाण्याच्या बाटल्या, मनगटावरची यंत्रे आणि बोलण्यातील शब्द हे सारे परदेशी वळणाचे असल्याने, हा दम टिकवण्याचा छंदच मुळी बाहेरून आला, असा ग्रह सहज होतो. आमचे मत निराळे आहे. या खेळांतील घड्याळ आणि नकाशा बाहेरून आले, हे खरे; पाय मात्र येथलेच होते. बेळगाव-निपाणीच्या मुलखापुरते तरी हे कागदोपत्री दाखवता येते, आणि त्यासाठी शंभर वर्षांपेक्षा थोडे अधिक मागे जावे लागते.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद त्या वेळी सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक जण खेड्यापाड्यांतील शेतकरी होते. पायांत काही नाही, नियमांची धड ओळख नाही, धावायचे ते मातीच्या रस्त्यावरून. तरीही त्यांनी घेतलेला वेळ पाहून दोराबजी चकित झाले, कारण युरोपातील नामवंत धावकांच्या वेळेशी त्याची तुलना होऊ शकत होती. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिगत स्वतःच सांगितली आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साह्य घेऊन त्यांनी बेल्जममधील अँटवर्प येथे भरणाऱ्या १९२० च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी हिंदुस्थानचा संघ पाठवण्याची खटपट केली. या साऱ्या प्रकरणात कोणालाच फारसा अनुभव नव्हता. शंभर मीटर धावायला साधारण किती वेळ लागतो, अशी पृच्छा एका बैठकीत झाली तेव्हा एका सन्माननीय सभासदांनी ‘एक ते दोन मिनिटे’ असे उत्तर दिल्याची आठवण सांगितली जाते. हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांच्या अंशांचा असतो, हे त्यांना समजावून द्यावे लागले.

निवड चाचण्या पुण्यात झाल्या. त्यांतून चार धावक आणि दोन मल्ल निवडले गेले. पूर्मा बॅनर्जी, सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्या धावकांपैकी. नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. शिंदे यांनी आपल्या वजनगटात चौथा क्रमांक मिळवला आणि पदक थोडक्यात हुकले. कुस्तीतील ते पदक आणायला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जावे लागले. पण तो विषय वेगळा.

संघाला आधी इंग्लंडला नेण्यात आले आणि तेथे काही आठवडे सराव देण्यात आला. लांब अंतर धावण्याचा सराव म्हणजे नुसते रोज धावणे नव्हे. आज किती, उद्या किती, कोणत्या दिवशी विसावा, सुरुवातीला वेग किती आवरायचा, याचेही एक शास्त्र आहे. आजच्या शिबिरांत सात दिवसांच्या वेळापत्रकातून जे शिकवतात, ते मूलतः हेच. चौगुले दहा हजार मीटरच्या शर्यतीतही उतरले, मात्र तेथे त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. या शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असे कायम ठरले ते पुढच्या वर्षी, १९२१ साली. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता आणि ऑलिंपिकच्या इतिहासात त्याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेन याने २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत ती जिंकली. एस्टोनियाचा युरी लोसमान त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांनी आला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांनी पोहोचले आणि पन्नासेक धावकांत एकोणिसावे आले.

एकोणिसावा क्रमांक ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडे गणित मांडतो. हिशेब केल्यास चौगुल्यांना दर किलोमीटरला सरासरी चार मिनिटे लागली, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरचा वेग जवळपास तीन तास टिकला. तोच वेग आजच्या ठरलेल्या अंतराला लावला तर वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे येतो. आपल्या मुलखाच्या मापात सांगायचे तर बेळगावातून पुण्याच्या रस्त्याने निघावे, वंटमुरीचा घाट ओलांडावा आणि संकेश्वर अगदी टप्प्यात येईपर्यंत थांबू नये. घरी मोटार असलेल्या वाचकांनी वाटेतले चढउतार एकदा लक्षपूर्वक पाहावेत, म्हणजे आकडे बोलके होतील. चौगुल्यांनंतर ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये भारतीय धावक अकराव्या क्रमांकापर्यंत गेला तो १९७६ साली माँट्रियलला. शिवनाथसिंग यांची ती धाव होईपर्यंत मध्ये छप्पन्न वर्षे लोटली होती.

आता त्या नावाकडे वळू. फडेप्पा, दरेप्पा ही नावे कानडी वळणाची. चौगुला हा मात्र दख्खनच्या गावगाड्यातील वतनदार, पाटलाचा मदतनीस. एकाच माणसाच्या नावात दोन्ही भाषा अशा शेजारी बसल्या आहेत की, कोणती पाहुणी आणि कोणती यजमान, हे सांगणे अवघड. आपल्या जुन्या घरांना यात नवल वाटू नये. देसाई, देशपांडे, कुलकर्णी ही आपली आडनावे अशाच हुद्द्यांवरून आलेली आहेत, आणि नाडगौडा हे कानडी घडणीचे आडनाव लावून मराठी बोलणारी घरेही आपल्या परिचयाची आहेत. १९२० साली बेळगाव मुंबई इलाख्यात होते; १ नोव्हेंबर १९५६ नंतर ते त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतर येथे प्रत्येक पाटी, प्रत्येक शाळा, प्रत्येक नाव कोणाचे, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. तो प्रश्न आमच्याही जिव्हाळ्याचा आहे. पण ज्याला दोन्ही बाजूंनी आपला म्हणता येते, त्याला दोन्हींकडून परका ठरवले जाण्याचा धोका असतो, आणि चौगुल्यांच्या बाबतीत तसे घडू नये असे आम्हांस मनापासून वाटते. मराठी क्रीडालेखनात त्यांना जागा हवी, आणि तिच्यासाठी ‘अप्पा’ हा प्रत्यय खोडण्याची काही आवश्यकता नाही.

हे पाय कोठे तयार झाले, हा खरा इतिहासाचा प्रश्न. रेल्वे आणि मोटार येण्यापूर्वी या मुलखात पल्ला मारणे हा खेळ नव्हता, चाकरी होती. जासूद आणि हरकारे सरकारी कागद घेऊन धावत. गावगाड्यात सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवणे, वाटसरूला आणि सरकारी माणसाला वाट दाखवणे, ओझे वाहणे ही कामे महार वतनदारांच्या गळ्यात होती; त्यांतील पुष्कळसा भाग वेठीचा होता. बेळगावहून राम घाटाने कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गावर लमाणांचे बैलांचे तांडे चालत. आपल्यापैकी जी घराणी दप्तरे सांभाळण्यासाठी येथे येऊन स्थिरावली, त्यांच्यातील कर्ती माणसे घोड्यावरून किंवा मेण्यातून जात. त्यांचे कागद मात्र पायी जात. दम या गुणाचे कौतुक करताना तो कोणाच्या वाट्याला आला होता, हे विसरून चालत नाही. १९१९ साली अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांकडे दोराबजींनी आश्चर्याने पाहिले. त्या शेतकऱ्यांना स्वतःला मात्र त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नसावे.

लष्कराने या गुणाला शिस्त लावली. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ मधली. १९२२ च्या फेररचनेनंतर रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात स्थिरावले आणि तेव्हापासून सातारा, कोल्हापूर, कोकण आणि आपला हा मुलूख यांतील पोरांचे पाय येथील परेड मैदानावर घडत आले आहेत. ‘लाइट इन्फंट्री’ म्हणजे हलके पायदळ. जलद चाल हीच त्याची ओळख. पुढे सत्तरीच्या दशकापासून कमांडो प्रशिक्षणामुळे बेळगावचे नाव साऱ्या सैन्यात झाले. देशभरचे तरुण अधिकारी येथे येतात, पाठीवर ओझे आणि हातात हत्यार घेऊन दहा, वीस, तीस, चाळीस किलोमीटरच्या वेगवान कूच करतात आणि रात्री होकायंत्रावर वाट काढतात. शिबिरांतून जे हौसेने करतात, ते येथे पिढ्यान्पिढ्या हुकमाने चालले आहे.

सायकलीविषयी थोडक्यात. आपल्याकडे ती खेळाची म्हणून कमी आणि पोटापाण्याची म्हणून अधिक फिरली. शिक्षक, तलाठी, दूधवाले, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतील कारकून हे सारे सायकलस्वार. सरकारी नोकरांना सायकल भत्ता मिळे, हे नव्या पिढीला सांगितले तर हसू येते. पण निपाणीजवळच्या तवंदीच्या घाटात एकच गती असलेली जड सायकल रेटणाऱ्यास तो भत्ता मुळीच अधिक वाटत नसे. १ नोव्हेंबरचा काळा दिन बेळगावात अनेक वर्षे सायकल फेरी काढून पाळला गेला. त्या मागणीविषयी कोणाचे काहीही मत असो, निषेधासाठी सायकल निवडणे यात या गावाचा स्वभाव दिसतो.

सर्वांत अधिक विचार करण्याजोगा भाग नकाशाचा आहे. नकाशावरून वाट शोधत धावण्याचा खेळ स्कँडिनेव्हियात वाढला. स्वीडनमधील मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ नाका येथे त्याची मोठी स्पर्धा भरवली. तरुण मुले मैदानी खेळांकडे वळावीत, हा त्यांचा हेतू. म्हणजे ज्या वर्षी पुण्यात आपले शेतकरी अनवाणी धावत होते, त्याच वर्षी तिकडे मुलांच्या हाती नकाशे दिले जात होते. आपल्याकडे रानाची माहिती कागदावर नव्हती असे नाही. पण ज्याचे पाय होते त्याच्या हाती कागद नव्हता. गावची शिव कोठून कोठे जाते, हे जाणणारा मुख्य साक्षीदार पूर्वी महार वतनदार असे. शिवेचा तंटा विकोपाला गेला की प्रसंगी शिव चालून दाखवण्याचे दिव्यही करावे लागे. शासकीय सेवेत असताना आम्ही हे वेगळ्या रूपात पाहिले आहे. मोजणीदार नकाशा पसरून उभा असे, आणि शिवेचा दगड कोणत्या झुडपात दडला आहे, हे मात्र अक्षरओळख नसलेला एखादा वृद्ध काठीने दाखवी. दगड बहुधा तेथेच निघे.

स्वातंत्र्यानंतर नकाशे सामान्यांच्या हाती येतील, अशी अपेक्षा होती. घडले उलट. संरक्षणाच्या कारणास्तव देशाच्या सीमेपासून आणि सागरकिनाऱ्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातील सविस्तर नकाशे प्रतिबंधित राहिले. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग आणि चंदगडचा डोंगराळ मुलूख या पट्ट्यात येतो. त्यामुळे कमांडो प्रशिक्षणार्थी ज्या प्रकारच्या नकाशावर रात्री वाट काढायला शिकत, तसा आपल्याच डोंगरांचा नकाशा चंदगडच्या शाळेतील मुलाला विकत मिळत नसे. धावणे आणि सायकल येथे रुजली, पण हा तिसरा खेळ छावणीच्या कुंपणाआड राहिला. आमच्या मते त्याचे कारण तरुणांच्या अनास्थेत शोधू नये. ते या नियमांत आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी नकाशामाला ठरवली आणि बंधने काहीशी सैल झाली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने नकाशे व भूस्थानिक माहिती यांवरील पूर्वपरवानगीची अट भारतीयांपुरती बहुतांशी काढून टाकली. पारगड, कलानंदीगड, गंधर्वगड, राम घाटाची जुनी वाट, तिलारीचे खोरे यांचे चढउतार आता कोणत्याही तरुणाला घरी बसून पाहता येतात. पारगडच्या पायऱ्या तेवढ्या अजून पायांनीच चढाव्या लागतात.