आयसीच्या पाठीवरचे आकडे

जुन्या बोर्डावरून काढलेल्या आयसीच्या पाठीवर ‘७४३२’ एवढेच आकडे वाचता येत असतील, तर त्यांचे दोन अर्थ निघतात. ती चार ऑर गेटांची चिप असेल, किंवा १९७४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेली भलतीच कुठली तरी चिप असेल. कारण कारखाने सालाचे दोन आणि आठवड्याचे दोन आकडे छापत. वर्षाला आठवडे बावन्न, क्वचित त्रेपन्न. त्यामुळे ७४७४ किंवा ७४९० ही तारीख असूच शकत नाही; घोळ होतो तो ७४०१ पासून पुढच्या पन्नासेक आकड्यांतच. अशा वेळी पाय मोजावेत. ऑर गेटांच्या ७४३२ ला चौदा पाय असतात. हातातल्या चिपला सोळा असतील, तर ते आकडे तारखेचे. असा निवाडा करणारा हौशी माणूस इलेक्ट्रॉनिक्सइतकाच इतिहासाचाही अभ्यास करत असतो. अनोळखी आयसी ओळखणे हे मुळात ऐतिहासिक पुराव्याचे काम आहे, कारण तिच्यावरचा क्रमांक हे नुसते नाव नाही. तो त्या काळच्या व्यापारातला एक करार आहे.

हा करार अमेरिकेत घडला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ साली लष्करी वापरासाठी ५४०० मालिका काढली आणि पाठोपाठ स्वस्त प्लास्टिकमधली ७४०० मालिका आणली. लष्कराला आणि संगणक बनवणाऱ्यांना एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे परवडणारे नव्हते. त्याचे उत्पादन थांबले, तर यांचेही थांबणार. म्हणून नॅशनल, मोटोरोला, सिग्नेटिक्स या कंपन्यांनी त्याच पायांची, त्याच कामाची चिप त्याच क्रमांकाने विकायला घेतली. आकडे सगळ्यांचे झाले आणि आधीची अक्षरे तेवढी घराण्याची राहिली: ‘एसएन’ टेक्सासचे, ‘डीएम’ नॅशनलचे, ‘एमसी’ मोटोरोलाचे. क्रमांकावर एकाची मालकी राहत नाही, हे पुढे कोर्टातही दिसले. १९९१ साली अमेरिकी न्यायालयाने ‘३८६’ वरचा इंटेलचा हक्क नाकारला आणि १९९३ मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या नव्या प्रोसेसरला आकड्याऐवजी ‘पेंटियम’ हे नाव मिळाले.

कराराबाहेरच्या चिपा खऱ्या अवघड. ह्यूलेट-पॅकार्डच्या उपकरणात याच मालिकेतली ७४०० क्रमांकाची चिप ‘१८२०-००५४’ या घरच्या क्रमांकाने बसलेली असे. सीमेन्स तिला ‘एफएलएच १०१’ म्हणे, पूर्व जर्मनीत ती ‘डी १००’ होती आणि सोव्हिएत संघात ‘के१५५एलए३’. सोव्हिएत पद्धतीत अक्षरेच काम सांगत: ‘एलए’ म्हणजे नँड गेट. शिवाय तिथे दोन पायांमधले अंतर २.५ मिमी धरत, पाश्चात्त्य चिपांत ते २.५४ मिमी. चौदा पायांच्या चिपेत हा फरक जाणवत नाही; पण चाळीस पायांच्या चिपेत एका बाजूच्या एकोणीस फटींचा मिळून तो पाऊण मिलिमीटर होतो आणि पाश्चात्त्य सॉकेटमध्ये बसवताना टोकाचे पाय अडतात. पुसट अक्षरे वाचता आली नाहीत, तरी चिपचा देश असा मोजपट्टीवर कळू शकतो.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? वीज द्यावी, प्रत्येक पाय तपासावा, चिप स्वतःच सांगेल. पण वीज कुठे द्यायची? ७४०० मालिकेतल्या बहुतेक चौदा पायांच्या चिपांत सात नंबरवर ग्राउंड आणि चौदावर पाच व्होल्ट असतात. ७४९० या मोजणी चिपेत मात्र पाच व्होल्ट पाचव्या पायाला आणि ग्राउंड दहाव्याला. चाचणी कुठून सुरू करायची, हेसुद्धा मालिकेची रीत माहीत असल्याशिवाय ठरत नाही. पुढे ७४००, ७४०३ आणि ७४१३२ या तिघींचे पाय एकसारखे आणि तर्कही एकच. आउटपुटला वरून रेझिस्टर जोडलेला असेल, तर ओपन कलेक्टरची ७४०३ तीच उत्तरे देते. ७४१३२ चे वेगळेपण इनपुटचे व्होल्टेज हळूहळू चढवले-उतरवले तरच दिसते. काय शोधायचे ते आधी ठाऊक असेल, तरच चाचणी बोलते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छापलेले आकडे खोटे असू शकतात. जुनी छपाई घासून नवी छापण्याचा धंदा चालतो, हे खरेच. पण खोट्या ताम्रपटांमुळे इतिहासकार ताम्रपट वाचायचे सोडत नाहीत. एक पुरावा दुसऱ्याशी ताडून बघतात. ५५५ टायमर बाजारात आला १९७२ साली; त्यावर ‘६८’ सालचा आठवडा दिसला, तर काहीतरी चुकले आहे हे चिप न जोडताच कळते. शंका राहिलीच तर चिप उघडून आतला सिलिकॉनचा तुकडा पाहता येतो. त्याच्यावर अनेकदा कंपनीची अक्षरे आणि मूळ क्रमांक कोरलेले असतात. तेवढ्यासाठी ती चिप मात्र गमवावी लागते.

म्हणूनच सर्वांत मोलाचा पुरावा चिपेवर नाही, तिच्या भोवती असतो. ती कोणत्या यंत्रात होती, तिचा कोणता पाय कुठे जोडलेला होता, शेजारी कोणत्या तारखेच्या चिपा होत्या, हे बोर्ड सांगतो. सोल्डर वितळवून चिप उपटली की ही साक्ष कायमची जाते, आणि बेनाम चिपा भंगारात वजनावर जातात. जुनी यंत्रे पुढच्या पिढीला चालू स्थितीत दाखवायची असतील, तर चिप काढण्याआधी बोर्डाचा फोटो घ्यावा, जागेची नोंद करावी आणि ती चिठ्ठी चिपसोबतच ठेवावी. ओळख आज पटली नाही तरी चालेल. उद्या पटण्याची वाट त्या चिठ्ठीमुळे उघडी राहते.