ॲटकिन्सनचा जास्तीचा दांडा

गेल्या दिवाळीत मामेभावाने हायब्रिड एसयूव्ही घेतली. पेढे वाटून झाले, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडून झाली आणि मग मामाने बॉनेट उघडायला लावलं. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालाय. आयुष्यभर इंजिनं खोलली आणि बसवली. गाडी कुणाचीही असो, त्याला आधी बॉनेटखालचं बघायचं असतं.

माहितीपत्रक माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "तू मेकॅनिकल ना रे? हे ॲटकिन्सन सायकल म्हणजे काय?"

मी आयटीत आहे. मेकॅनिकलची डिग्री घेतली, कॅम्पसमधून सॉफ्टवेअर कंपनीत गेलो आणि तिथेच राहिलो. पण थिअरी ऑफ मशीन्स हा विषय मला आवडायचा, आणि पुस्तकातलं ते चित्र अजून लक्षात होतं. त्यामुळे मी ऐटीत सांगितलं, "यात पिस्टन आणि क्रँकच्या मध्ये नेहमीपेक्षा जास्त दांडे असतात. त्यामुळे पिस्टनचे चारही स्ट्रोक वेगवेगळ्या लांबीचे होतात."

मामा वाकून थोडा वेळ इंजिनाकडे बघत राहिला. "एवढ्याशा ब्लॉकमध्ये जास्तीचे दांडे बसवले कुठे?"

रात्री मोबाइलवर शोधलं. मामाचं बरोबर होतं. त्या इंजिनात जास्तीचा एकही दांडा नाही. साधा पिस्टन, साधा कनेक्टिंग रॉड, साधी क्रँक. म्हणजे ॲटकिन्सनचं नाव आहे आणि ॲटकिन्सनचं यंत्रच नाही. हे कसं झालं ते शोधताना माझे पुढचे तीन-चार वीकेंड गेले.

सुरुवात क्रँकपासून करावी लागते. पुढे-मागे जाणाऱ्या गोष्टीने चाक फिरवायचं, हा जुना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. घरात पायाने चालवायचं शिलाई मशीन असेल तर ते बघा. पायाखालची पट्टी झुलते, तिला जोडलेला उभा दांडा वर-खाली होतो आणि चाक फिरतं. झुलती पट्टी, दांडा, चाकावरची क्रँक आणि या सगळ्याला धरून ठेवणारा सांगाडा, असे हे चार भाग. कॉलेजात याला फोर-बार लिंकेज म्हणतात. गाडीच्या इंजिनात झुलत्या पट्टीच्या जागी सरळ सरकणारा पिस्टन असतो, एवढाच फरक.

इतकी साधी गोष्ट, पण १७८० मध्ये जेम्स पिकार्ड नावाच्या इंग्रजाने वाफेच्या इंजिनाला क्रँक लावण्याचं पेटंट घेतलं आणि जेम्स वॉटची वाट अडली. पिकार्डला पैसे देऊन क्रँक वापरायची वॉटची तयारी नव्हती. म्हणून १७८१ मध्ये त्याने क्रँक टाळण्याच्या पाच वेगवेगळ्या युक्त्यांचं स्वतःचं पेटंट घेतलं. त्यातली चालली ती 'सूर्य आणि ग्रह' नावाची दातेरी चाकांची जोडी. दांड्याच्या टोकाला घट्ट बसवलेलं एक चाक मधल्या चाकाभोवती फिरतं. ही कल्पना वॉटच्या हाताखालच्या विल्यम मर्डॉकची मानली जाते. पिकार्डच्या पेटंटची मुदत १७९४ मध्ये संपली आणि मग साधी क्रँक सगळ्यांना मोकळी झाली.

हे वाचताना मला आमचं ऑफिस आठवलं. एखादी लायब्ररी लायसन्समुळे वापरता येत नाही म्हणून तेच काम करणारा पण वाकड्या वाटेने जाणारा कोड आम्ही लिहितो, आणि वर्षभराने लायसन्स बदलतं. वाकडा कोड मात्र तसाच राहतो.

शंभर वर्षांनी हाच खेळ पुन्हा रंगला. १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटोने चार स्ट्रोकचं गॅस इंजिन चालवून दाखवलं. मिश्रण आत ओढा, दाबा, पेटवा, धूर बाहेर काढा. यात क्रँकचे दोन फेरे होतात आणि त्यातला एकच स्ट्रोक शक्ती देतो. मामाने आयुष्यभर जी इंजिनं खोलली ती याच चार स्ट्रोकची. ब्रिटनमध्ये ऑटोचे हक्क मँचेस्टरच्या क्रॉसली ब्रदर्सकडे होते. १८८२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने पेटंट वैध ठरवलं. गंमत म्हणजे आपल्या इंजिनाचं गुपित चार स्ट्रोकमध्ये नसून सिलिंडरमध्ये मिश्रणाचे थर राहतात त्यात आहे, असं खुद्द ऑटोला वाटत होतं. ती समजूत चुकीची निघाली, पण पेटंट भक्कम राहिलं.

जेम्स ॲटकिन्सन हा इंग्रज इंजिनिअर. त्याला गॅस इंजिन बनवायचं होतं आणि समोर ऑटोच्या पेटंटची भिंत होती. त्याचं पहिलं उत्तर १८८२ चं. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन आणि त्यांना क्रँकशी जोडणारे वळणावळणाचे दांडे. दुसरं उत्तर काही वर्षांनी आलं. त्याचं नाव त्याने सरळ 'सायकल' ठेवलं आणि १८८७ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंटही मिळालं. माझ्या पुस्तकातलं चित्र याच इंजिनाचं.

यात पिस्टन थेट क्रँकला जोडलेला नाही. क्रँकचा दांडा जाऊन मिळतो एका झुलत्या लिंकला. शिलाई मशीनच्या पट्टीसारखीच ही लिंक, फक्त इथे क्रँक तिला झुलवते. आणि पिस्टनचा दांडा जोडलाय क्रँकच्या दांड्यावर, त्या सांध्याच्या जरा पलीकडे.

याने काय होतं? झोपाळ्यावर बसा. एकदा पुढे जाऊन परत मागे येईपर्यंत तुम्ही दोनदा वर जाता आणि दोनदा खाली येता. लिंकचं टोकही तसंच कमानीवरून जातं आणि येतं. त्यामुळे क्रँकच्या एका फेऱ्यात पिस्टन दोनदा बाहेर येतो आणि दोनदा आत जातो. म्हणजे चारही स्ट्रोक एकाच फेऱ्यात. ऑटोला दोन फेरे लागत होते, इथे दर फेऱ्याला एक स्फोट.

आता झोक्याची दोन टोकं सारख्या उंचीवर नाहीत असं समजा. एक झोका लहान, एक मोठा. आणि पिस्टन सांध्याच्या नेमक्या बिंदूवर न जोडता थोडा पलीकडे जोडलाय, त्यामुळे आतल्या दोन टोकांतही फरक पडतो. झाले चार स्ट्रोक चार लांब्यांचे. एका इंजिनाची नोंदलेली मापं अशी: मिश्रण ओढताना पिस्टन बाहेर येतो साधारण ६.३ इंच. दाबताना आत जातो ५ इंच. स्फोटाने बाहेर ढकलला जातो ११.१ इंच. धूर काढताना परत आत येतो १२.४ इंच. बाहेरच्या दोन मापांची बेरीज १७.४, आतल्या दोन मापांचीही १७.४. हे जुळलं तेव्हा मी रात्री एक वाजता एकटाच खूश झालो होतो.

त्या आकड्यांत सगळं डिझाइन आहे. दाबताना पिस्टन १.३ इंच अलीकडेच थांबतो. ती जागा मिश्रण पेटण्यासाठी. पण धूर काढताना तोच पिस्टन पुढचे १.३ इंचही जातो आणि जळका वायू जवळपास सगळा हाकलून देतो. आणि मुख्य मुद्दा तिसऱ्या स्ट्रोकचा. ६.३ इंच ओढलेलं मिश्रण जळाल्यावर ११ इंच पसरतं.

साध्या इंजिनात जेवढं ओढलं तेवढंच पसरायला मिळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वायूत बराच दाब शिल्लक असतो आणि तो फटकन बाहेर जातो. बुलेटची जी धडधड आपण कौतुकाने ऐकतो, तिच्यात हा न वापरलेला दाब आहे. ॲटकिन्सनने त्याच दाबाकडून आणखी पाच इंच काम करून घेतलं. म्हणजे पेटंट चुकवायला निघालेला माणूस मूळ इंजिनापेक्षा काटकसरी इंजिन घेऊन आला.

मी याचं सिम्युलेशन लिहिलं. पायथनमध्ये शंभरेक ओळी, पाच लांब्या आणि दोन अक्षांच्या जागा. वाटलं होतं तासाभराचं काम आहे. पहिल्या दिवशी एकतर लिंकेज अडकून बसायचं किंवा पिस्टन दोनदाच हलायचा. एका दांड्याची लांबी थोडी वाढवली की स्फोटाचा स्ट्रोक लांबायचा, पण दाबण्याचा स्ट्रोक नाहीसा व्हायचा. कुठलंच माप एकटं बदलता येत नव्हतं. शेवटी मी संगणकाला हजारो जोड्या आपोआप तपासायला लावल्या आणि त्यातल्या मोजक्याच चालल्या. ॲटकिन्सनकडे ड्रॉइंग बोर्ड, कंपास आणि बहुधा खूप धीर होता. लिंकेजच्या वाटांचा मोठा छापील ॲटलास ह्रोन्स आणि नेल्सन यांनी काढला तो १९५१ मध्ये. त्यात सात हजारांहून जास्त वक्र आहेत. मला तो तिसऱ्या सेमिस्टरला कुणी दाखवला असता तर कदाचित मी आयटीत गेलो नसतो. (गेलोच असतो. पगार बघता गेलोच असतो.)

१८८८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने इंजिनांच्या चाचण्या घेतल्या. गॅस इंजिनांत क्रॉसली होतं, ग्रिफिन होतं आणि ॲटकिन्सनचं 'सायकल' होतं. दर अश्वशक्तीमागे सर्वांत कमी गॅस ॲटकिन्सनच्या इंजिनाला लागला.

तरीही ते टिकलं नाही. जर्मनीत ऑटोचं पेटंट १८८६ मध्ये मोडलं होतं, कारण बो द रोशास या फ्रेंच माणसाने चार स्ट्रोकची कल्पना १८६२ मध्येच एका पुस्तिकेत छापली होती. ब्रिटनमध्ये मुदत १८९० मध्ये संपली. आता कुणीही साधं इंजिन बनवू शकत होतं. एक पिस्टन, एक दांडा, एक क्रँक. ॲटकिन्सनच्या इंजिनात जास्तीचे सांधे, आणि प्रत्येक सांध्यात झीज, तेल, खडखडाट. वाचलेल्या गॅसपेक्षा हा व्याप मोठा होता. पुढे ॲटकिन्सन क्रॉसलीकडेच कामाला लागला. ज्यांचं पेटंट चुकवण्यासाठी आयुष्यातली उमेदीची वर्षं घातली, त्यांच्याच कारखान्यात, त्यांचंच इंजिन सुधारायला. मला हा भाग वाचून वाईट वाटलं, पण त्यालाही वाईट वाटलं असेल असं धरून चालायचं कारण नाही. घर चालवायचं असतंच.

त्याची कल्पना मात्र दुसऱ्या वाटेने परत आली. दाबणं कमी आणि पसरणं जास्त, एवढंच हवं असेल तर दांडे कशाला? इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करा. पिस्टन परत वर यायला लागतो तरी व्हॉल्व्ह उघडाच, त्यामुळे ओढलेल्या मिश्रणातलं थोडं परत बाहेर जातं. व्हॉल्व्ह मिटल्यावर उरलेल्या प्रवासात दाबणं होतं. पसरायला मात्र पूर्ण स्ट्रोक मिळतो. व्हॉल्व्हच्या वेळा बदलून असा परिणाम साधण्याचं अमेरिकन पेटंट राल्फ मिलरने १९५७ मध्ये मिळवलं. १९९७ मध्ये टोयोटाच्या पहिल्या प्रियसमध्ये याच पद्धतीचं दीड लिटरचं इंजिन होतं. मिश्रण कमी म्हणून ताकद कमी, पण ती उणीव इलेक्ट्रिक मोटर भरून काढते, म्हणून हायब्रिडला हे इंजिन शोभतं. मामेभावाची गाडी याच घराण्यातली.

म्हणजे ॲटकिन्सनने लोखंडाच्या लांब्यांमध्ये जे लिहून ठेवलं होतं, ते आता कॅमचा आकार आणि व्हॉल्व्हच्या वेळा सांभाळणारा संगणक करतो. माझ्या जमातीने त्याचा दांडा काढून टाकला आणि नाव ठेवलं.

पण दांडा संपला असं समजू नका. होंडाने २०११ मध्ये घरात वीज आणि गरम पाणी एकत्र देणारं छोटं यंत्र आणलं. त्यातल्या इंजिनात खरोखरीचं जास्तीचं लिंकेज आहे. ते ११० सीसी मिश्रण ओढतं आणि १६३ सीसीपर्यंत पसरवतं. आणि निसानने २०१८ पासून विकलेल्या व्हीसी-टर्बो इंजिनात क्रँकपिनवर एक आडवी लिंक बसते. तिच्या एका टोकाला पिस्टनचा दांडा आणि दुसऱ्या टोकाला नियंत्रणाचा दांडा. मोटरने नियंत्रणाचा शाफ्ट थोडा फिरवला की पिस्टन वर किती जाणार तेच बदलतं. कॉम्प्रेशन रेशो ८ पासून १४ पर्यंत, गाडी चालू असताना. शिवाय स्फोटाच्या वेळी पिस्टनचा दांडा जवळजवळ सरळ उभा राहतो, त्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कमी रेटतो. साध्या क्रँकमध्ये पिस्टनची चाल वरच्या आणि खालच्या अर्ध्यात सारखी नसते. त्यातून जो कंप येतो तोही इथे कमी होतो. २०२४ मध्ये भारतात आलेल्या एक्स-ट्रेलमध्ये हेच आहे, तीन सिलिंडरचं.

२०२५ मध्ये निसानने अमेरिकेत या इंजिनांच्या बेअरिंगमधल्या दोषासाठी चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या.

मी हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ॲटकिन्सन क्रॉसलीकडे गेला तिथे "हं" म्हणाला. बेअरिंगचं ऐकून त्याला नवल वाटलं नाही. मग मी माझ्या सिम्युलेशनचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. निळी क्रँक, लाल लिंक, हिरवा पिस्टन, चार स्ट्रोक, लूपवर. दोन निळ्या टिका आल्या आणि बराच वेळ काहीच नाही. मामा टाइप करत नाही, व्हॉइस मेसेज करतो. तो संध्याकाळी आला.

"भारी आहे रे. चार-पाच वेळा बघितलं. पण मला एक सांग, ती लाल पट्टी जिथे निळ्या दांड्याला मिळते ना, त्या पिनला ऑइल कुठून जातं?"