परीक्षा कोण घेतं?

आठवीच्या वर्गात इंग्रजीतलं एक सोपं वाक्य मराठीत करायला दिलं होतं. घरी दखनी बोलणाऱ्या एका मुलानं लिहिलं, ‘मी उद्या परीक्षा घेणार आहे.’ वर्ग हसला. मीही हसलो आणि लाल शाईनं फुली मारली. मुलगा मान खाली घालून म्हणाला, “सर, टेक म्हणजे घेणे, असं तुम्हीच पाठ करून घेतलं होतं.”

खरं होतं. मराठीत परीक्षा विद्यार्थी देतो, शिक्षक घेतो. उर्दूतही ‘इम्तिहान देना’ शागिर्दाचं काम, ‘लेना’ उस्तादाचं. इंग्रजीत मात्र विद्यार्थीच ती ‘टेक’ करतो. याच एका क्रियापदासाठी आपण फोटो काढतो, मुलाला शाळेत नेतो, औषध घेतो, आणि वेळ तर आपोआप लागतो. आपलं ‘घेणे’ तरी कुठे एकमार्गी आहे? सांगोल्याच्या बाजारात डाळिंब घेतलं म्हणजे विकत घेतलं, रानात डाळिंबाचं पीक घेतलं म्हणजे पिकवलं आणि कुणाचं बोलणं मनावर घेतलं म्हणजे ते लागलं.

ही अडचण जुनी आहे. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि कंपनीच्या साहेबांना मराठी शिकणं भाग पडलं. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि मराठी पंडितांच्या मदतीनं 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. उलट वाटेचा, इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांच्या नावानं 1847 मध्ये आला. मोल्सवर्थच्या कोशात फारसी, अरबी मुळाच्या शब्दांपुढे तशी खूण केलेली असते. रोजच्या बोलण्यातले किती शब्द त्या वाटेनं आले, ते पानोपानी दिसतं.

‘टेक’ला कधीकधी आपलं ‘खाणे’ही चालतं. इंग्रज लाच घेतो, आपण खातो. तो मोकळी हवा घेतो, आपण खातो. उर्दूतही लोक रिश्वत आणि हवा खातातच. फारसीत ‘खुर्दन’ म्हणजे खाणे. ‘खोर’ त्यातूनच आला. लाच संस्कृतातली, खोर फारसीतला, आणि ‘लाचखोर’ अस्सल मराठी! ‘भांडखोर’ही तसाच. दोन भाषा एका शब्दात इतक्या मुरल्या की सांधा दिसत नाही.

त्या मुलाच्या घरात आणि वर्गातही हा सांधा रोज जुळत असतो. घरच्या भाषेतलं ‘इम्तिहान देना’ त्याला आठवलं असतं, तर त्याचं मराठी वाक्य बरोबर आलं असतं. पण माझ्या पाठांतरानं ते दडपलं. घरची बोली मराठीच्या आड येते, असं आपण शिक्षक सहज बोलून जातो. इथे ती मदतीला उभी होती, मीच तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुली खोडली आणि वर्गासमोर चूक कबूल केली. आता शब्दार्थाच्या वहीत क्रियापदापुढे एक शब्द चालत नाही, तीन वाक्यं लागतात. त्यातलं एक घरच्या भाषेतलं.