दुखणं जबड्यात, चोर गळ्यात

जबड्यात गाठ आली की माणूस साहजिकच दातांच्या डॉक्टरकडे जातो. एक्स-रेमध्ये हाडात पोकळी दिसते, बायोप्सीत अनेक केंद्रकांच्या मोठमोठ्या पेशी. गाठ खरवडून काढली की प्रश्न मिटला, असं वाटतं. कधी कधी तो मिटत नाही. कारण खरी गडबड असते गळ्यात, थायरॉईडमागे चिकटलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथींत!

सहसा चार असणाऱ्या या ग्रंथी म्हणजे आम्हा इंजिनियरांच्या भाषेत कॅल्शियमचा थर्मोस्टॅट. रक्तातलं कॅल्शियम घटलं की त्या हाडांतून ते काढायला लावतात. एखादीत गाठ होऊन ती बेलगाम झाली, की हाडांची लूट थांबत नाही. मग कुठे कुठे हाड पोखरून तिथे तपकिरी गाठी होतात. तो रंग साकळलेल्या रक्ताचा. जबडा ही त्यांची एक आवडती जागा.

आज हे सरळ वाटतं, पण कळायला फार वेळ लागला. रिचर्ड ओवेनला ही ग्रंथी दिसली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉमने केलं. पुढे व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइमला शवविच्छेदनात आजारी हाडं आणि सुजलेल्या ग्रंथी एकत्र दिसल्या. पण त्याने अर्थ लावला उलटा: हाडं आजारी, म्हणून ग्रंथी मदतीला वाढली! १९१५ साली श्लागेनहाउफरने ‘वाढलेली ग्रंथी काढून पाहा’ असं सुचवलं.

या उलट्या अर्थाची किंमत मोजली अल्बर्ट नावाच्या ट्राम कंडक्टरने. १९२५ साली, हाडं ठिसूळ झालेल्या अल्बर्टला सर्जन फेलिक्स मांडलने आधी दुसऱ्याची पॅराथायरॉईड ग्रंथी बसवली. म्हणजे आगीत तेलच. उपयोग शून्य. मग मांडलने त्याचा गळा उघडला, गाठ सापडली, काढली आणि अल्बर्ट पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी आजार उलटला, पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे तोवर पक्कं झालं होतं.

एवढं होऊनही नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ आणि जबड्याची स्वतःची तशीच गाठ वेगळी ओळखता येत नाही. त्यामुळे असा रिपोर्ट कधी तुमच्या घरात आला, तर जबड्याला सुरी लागण्याआधी एवढंच विचारा: रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉईड हार्मोन तपासलंत का? किडनीचा जुना आजार असेल तर नक्कीच विचारा.