धावेपासून रन-फ्लॅटपर्यंत

लहानपणी मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा, ते मी तासन्‌तास पाहत बसे. लोखंडी पट्टी लालबुंद तापवून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की चाक घट्ट आवळलं जाई. धाव खडखडे, पण पंक्चर होत नसे.

१८८८ साली बेलफास्टला जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तिचाकीला हवेची रबरी धाव बसवली. हादरे कमी झाले, पंक्चर मात्र मागे लागलं आणि गावोगावी पंक्चरवाला आला.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा आमच्या मेहकर, सिंदखेडराजावरून सुरू झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, पण कडेला पंक्चरची टपरी नाही. तिथे रन-फ्लॅट टायर कामी येतं. हवा गेली तरी जाड बाजू गाडी तोलतात. साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८०च्या आत.

पुतण्या असाच हवा गेलेल्या टायरवर मेहकरला पोहोचला. मिस्त्रीने टायर उतरवून आत हात फिरवला, तर रबराचा भुगा निघाला. म्हणाला, “भोक बुजवतो काका, पण बाजू आतून खलास झाली.” टायर बदलावंच लागलं.

हवा पुरती जाण्याआधी थांबलं, भोक तळव्याला असलं आणि कंपनीची मुभा असली, तरच ठिगळ चालतं. सैल धाव वाजून सांगायची. हे टायर गप्प राहतं. म्हणून हवेचा इशारादिवा लागला की वेग लगेच उतरवावा.